पूर्ण थ्रॉटलवर दबणारे इंजिन : पंचगंगेतील एका बचाव बोटीचे प्रकरण

करवीर तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात तरुणांनी चालवलेल्या बचाव पथकाकडे हवा भरून चालवायची रबरी बोट आहे. तिच्या मागच्या फळीवर ४० अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन बसवलेले आहे. या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे, ऑइल पेट्रोलमध्ये हाताने मिसळावे लागते आणि पेट्रोल बोटीत ठेवलेल्या २४ लिटरच्या सुट्या टाकीतून रबरी नळीने येते. या नळीत मध्येच हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा असतो, त्याला बल्ब म्हणतात. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत हे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर दबू लागले, रेस वरखाली होऊ लागली आणि बोटीचा वेग निम्म्यावर येऊ लागला. दुरुस्तीचे दोन-तीन प्रयत्न झाल्यावर हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याकडे दुरुस्तीला आले. दोष शेवटी अगदी साध्या आणि स्वस्त वस्तूत निघाला. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, कारण दोष जिथे होता ती जागा तपासून झाली आहे अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती समजूत ज्या चाचण्यांवर उभी होती त्या चाचण्या आपल्याकडे सर्रास केल्या जातात.

या इंजिनाकडून काय अपेक्षा आहे हे आधी सांगायला हवे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांतून माणसे बोटीने बाहेर काढावी लागली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. अशा वेळी बोट रंकाळ्यासारख्या संथ पाण्यात चालत नाही. ती उसाच्या फडांवरून, झाडांच्या शेंड्यांमधून आणि पाण्याला टेकायला आलेल्या विजेच्या तारांखालून जाते, आणि मुख्य प्रवाह ओलांडताना चालकाला पूर्ण थ्रॉटल द्यावेच लागते. त्या क्षणी इंजिन दहा सेकंद जरी दबले तरी बोट आडवी होते आणि ओढ तिला नेईल तिकडे जाते. त्यामुळे घाटावर उभे राहून ज्याला आपण ‘थोडं मिसिंग आहे’ म्हणतो, त्याला पुरात माणसाच्या जिवाचे मोल असते. पथकाने ही तक्रार पाऊस सुरू होण्याआधी गंभीरपणे घेतली, याचे मला फार मोल वाटते.

तक्रार आणि तोवर झालेली कामे

बोट चालवणारे गृहस्थ स्वतः शेतकरी आहेत आणि दोन्ही महापुरांत त्यांनी बोट चालवलेली आहे. त्यांनी तक्रार अशी सांगितली : “घाटावरनं सोडली की झ्याक पळती, मिस्त्री. जरा वेळ फुल्ल पळवली की दबती. हात मागं घेतला की परत उठती, आणि परत पिळली की परत दबती.” मी विचारले, “दबल्यावर बल्ब हाताला कसा लागतोय?” त्यावर ते म्हणाले, “एक हात टिलरला (सुकाणूच्या दांड्याला), एक दोराला. बल्ब बघायला तिसरा हात कुठला आणायचा?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण त्या एका उत्तरातून हेही कळले की तपासणीतला सर्वांत उपयोगी पुरावा अजून कोणी गोळाच केलेला नाही.

तोपर्यंत दोन्ही प्लग नवे टाकले होते. दुचाकीच्या एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर खोलून साफ केले होते, जुने पेट्रोल ओतून ताजे भरले होते. पेट्रोलच्या नळीत कॉम्प्रेसरची हवा मारून ती मोकळी असल्याची खात्री केली होती. शेजारच्या गावातल्या बोटीची टाकी उसनी आणून लावून पाहिली, तरी फरक पडला नाही. शेवटी इंजिन पाण्याच्या बॅरलमध्ये उभे करून अर्धा तास चालवले, तेव्हा त्याने एकदाही कुरकुर केली नाही. या सगळ्यावरून निष्कर्ष असा काढला गेला की पेट्रोलचा पुरवठा ठीक आहे, तेव्हा दोष इग्निशनमध्ये, बहुधा कॉइल किंवा सीडीआय युनिटमध्ये (प्लगच्या ठिणगीची वीज सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात) असावा. नव्या सीडीआयची किंमत विचारून झाली होती आणि गावात वर्गणीची चर्चाही सुरू झाली होती.

बॅरलमधल्या चाचणीबद्दल इथेच स्पष्ट लिहितो, कारण तिने फार लोकांची दिशाभूल केली आहे. न्यूट्रलमध्ये चालणाऱ्या इंजिनाला फक्त स्वतःला फिरवायचे असते. या ताकदीचे टू-स्ट्रोक इंजिन आयडलिंगला तासाला एक-दोन लिटर पेट्रोल घेते, तर भरलेल्या बोटीत पूर्ण थ्रॉटलवर त्याला तासाला साधारण १५ ते २० लिटर लागते. ज्या नळीतून तासाला जेमतेम पाच लिटर पेट्रोल पुढे सरकू शकते ती नळी बॅरलमध्ये अर्धा तासच काय, दिवसभर इंजिन चालवेल. लोडवर येणारा दोष लोडवरच शोधावा लागतो. त्यासाठी बोट नदीत न्यावी लागते, तिच्यात वजन भरावे लागते आणि पंख्याला (प्रोपेलरला) पाणी कापायला लावावे लागते.

रेस वरखाली का होते

इंजिन नुसते बंद पडत नाही, झोके घेते, हीच या तक्रारीतली मोलाची खूण होती. कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीत फ्लोट नावाच्या तरंगत्या भागाच्या साहाय्याने थोडेसेच पेट्रोल साठलेले असते. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन मिनिटाला पाव ते एक तृतीयांश लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मागून पुरवठा तुटला तर वाटीतला साठा काही सेकंदांत खाली जातो. पातळी उतरली की जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, येणारे पेट्रोल कमी होते, मिश्रण पातळ होते आणि ताकद पडते. ताकद पडली की इंजिनाची गरजही कमी होते. मग अडलेल्या वाटेतून जे थोडे पेट्रोल येत असते तेवढ्यानेही वाटी हळूहळू भरते, इंजिन पुन्हा उठते, पुन्हा जास्त पिऊ लागते आणि वाटी पुन्हा रिकामी होते. उपासमारीचे इंजिन असे लयीत झोके घेते.

इग्निशनचा दोष सहसा अशी लय धरत नाही. तापलेली कॉइल किंवा सैल झालेली वायर एक सिलिंडर झटक्यात बंद पाडते आणि झटक्यातच चालू करते, त्यामुळे चालकाला खाडकन गचका जाणवतो. पंख्याचा दोष तर उलट्या बाजूने ओळखता येतो. पंख्याच्या मधला रबरी बुश सुटला असेल, इंजिन फळीवर फार उंच बसले असेल किंवा पंख्यात केंदाळ (जलपर्णी) अडकून पाण्याऐवजी हवा कापली जात असेल, तर बोट मंदावते पण इंजिनाची रेस कमी न होता किंचाळत वर जाते. पंचगंगेत केंदाळाची कमतरता नाही, म्हणून ही शक्यता पहिल्यांदा बाजूला सारावी लागते. चौथी शक्यता इंजिन तापण्याची. काही इंजिनांत तापमान वाढले की रेस आपोआप खाली आणण्याची सोय असते, पण मग ती खालीच राहते, आणि इंजिन थंड करून बाजूने उडणारी पाण्याची धार आधीच बारीक झालेली दिसते.

या खुणा माहीत असल्या की अवजार हातात घेण्यापूर्वी चालकाला प्रश्न विचारूनच निम्मे काम होते. बोट मंदावते तेव्हा आवाज चढतो की उतरतो? उतरतो. गचका बसतो की दम हळूहळू जातो? हळूहळू जातो. हात मागे घेतल्यावर उठते का? उठते. तिन्ही उत्तरे पेट्रोलच्या उपासमारीकडे बोट दाखवत होती. दुसरीकडे पथकाच्या सर्व चाचण्या पुरवठा निर्दोष असल्याचे सांगत होत्या. माणसांनी डोळ्यांनी पाहिलेल्या लक्षणांवर विश्वास ठेवायचा की केलेल्या चाचण्यांवर, असा हा पेच होता. मी लक्षणांच्या बाजूने कौल दिला आणि चाचण्या एकेक करून पुन्हा तपासायच्या ठरवल्या.

नदीतील चाचणी

राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यातही पाणी तुंबून खोल असते. तिथे बोट उतरवली, सर्वांना लाइफ जॅकेट घालायला लावले आणि पुरात जेवढी माणसे बसतात साधारण तेवढ्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या आत ठेवल्या. काठावर दुसरी बोट दोरासह तयार ठेवली, कारण बंद पडू शकणारे इंजिन घेऊन आपण मुद्दाम पाण्यात चाललो होतो. प्लगच्या वायरीवर अडकवायचा, फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर, प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट, नळीतली ओढ मोजणारा व्हॅक्युम गेज आणि पारदर्शक नळीचा एक वीतभर तुकडा एवढेच साहित्य बरोबर होते. गेज आणि पारदर्शक तुकडा बल्ब आणि इंजिन यांच्या मध्ये टी-जोड देऊन बसवला. टाकीतले पेट्रोल तळातून काचेच्या बाटलीत काढून उभे करून ठेवले होते. त्यात वेगळा थर दिसला नाही, म्हणजे पाण्याची शंका फिटली.

सुरुवातीला इंजिन मिनिटाला ५२०० फेऱ्यांपर्यंत सहज गेले, बोट पाण्यावर उचलली गेली आणि गेजचा काटा ३ इंच पाऱ्याच्या आसपास राहिला. या प्रकारच्या इंजिनांत पूर्ण थ्रॉटलवर ओढ साधारण ४ इंचांच्या आत असली की पेट्रोलची वाट मोकळी समजतात. तीन-चार मिनिटे सगळे सुरळीत चालले. मग काटा हलू लागला. ४, ५, ६ असा तो सावकाश चढत गेला आणि इंजिनाचा आवाज बदलण्याच्या आधीच मला कळले की आता हे दबणार. काटा ९ च्या पुढे गेला तेव्हा फेऱ्या ३८०० पर्यंत कोसळल्या, तिथून ४८०० पर्यंत चढल्या आणि पुन्हा कोसळल्या. टायमिंग लाइट दोन्ही प्लगच्या वायरींवर आळीपाळीने धरला. दबलेल्या अवस्थेतही त्याची उघडझाप अखंड होती, एकही ठोका चुकत नव्हता. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार जाड आणि कोमट होती. सीडीआयसाठी गोळा होणारी वर्गणी त्या क्षणी वाचली.

त्याच वेळी पथकातला एक तरुण टाकीजवळ गुडघ्यावर बसून बल्बवर हात ठेवून होता. तो ओरडला, “चपटा झालाय बघा, पार पोटाला पाठ लागलीय!” बल्बच्या दोन्ही भिंती आत ओढल्या जाऊन एकमेकींना टेकल्या होत्या. त्याने तो तसाच बोटांनी चिमटीत धरून पाहिला, तर सोडल्यावरही फुगत नव्हता.

आउटबोर्डच्या पेट्रोलवाटेवर बल्बइतके बोलके दुसरे काही नाही, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. दबलेल्या इंजिनावर बल्ब दाबल्याबरोबर इंजिन उठत असेल आणि बल्ब नुसताच मऊ, पण गोल असेल, तर कुठून तरी हवा शिरत आहे किंवा इंजिनावरच्या पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा) थकला आहे. बल्ब टणक असूनही इंजिन उपाशी असेल तर अडथळा बल्बच्या पुढे आहे, फिल्टरमध्ये किंवा कार्ब्युरेटरच्या सुईत. बल्ब चपटा झाला असेल तर पंप चांगला ओढतो आहे आणि मागून काही येत नाही, म्हणजे अडथळा बल्ब आणि टाकी यांच्या दरम्यान किंवा टाकीतच आहे. पारदर्शक तुकड्यात एकही बुडबुडा नव्हता, त्यामुळे हवा शिरण्याची शक्यताही संपली. साऱ्या इंजिनाचा शोध आता टाकी आणि बल्ब यांमधल्या हातभर नळीवर येऊन ठेपला.

टाकी बदलली, नळी तीच राहिली

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तरी अगदी असेच होते : टाकीत निर्वात तयार होतो, बल्ब चपटा होतो आणि काही मिनिटांनी इंजिन दबते. म्हणून पहिल्यांदा ते झाकण पूर्ण काढून पुन्हा पळवले. काटा पुन्हा चढला. टाकीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या नळीची जाळी तुंबलेली असू शकते, पण उसन्या टाकीला तिची स्वतःची वेगळी जाळी होती आणि तिच्यावरही इंजिन दबले होते.

मग मी पथकाला विचारले की उसनी टाकी आणली तेव्हा तिच्याबरोबर तिची नळी आणली होती का. नव्हती. टाकी तेवढी उचलून आणली, आपल्याच नळीचा कनेक्टर तिला खटकन लावला आणि इंजिन चालवले. नळी, बल्ब आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर मिळून एकच सलग वस्तू असते आणि ती बोटीतच पडून असते, त्यामुळे ती टाकीबरोबर बदलण्याचे कोणाच्या मनात येत नाही. त्या चाचणीने फक्त टाकी निर्दोष ठरली होती. सर्वांच्या मनात मात्र संपूर्ण पुरवठाच निर्दोष ठरला होता, आणि तिथून पुढचा सगळा तपास आडवाटेला गेला.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची होती. संपूर्ण जोड नवा बसवला असता तर तक्रार गेली असती, पण दोष कनेक्टरमध्ये होता, बल्बच्या झडपेत होता की नळीत, हे कधीच कळले नसते. म्हणून जुना बल्ब आणि जुने कनेक्टर तसेच ठेवून फक्त टाकीपासून बल्बपर्यंतची नळी बदलली. त्याच वजनासह, त्याच पट्ट्यात बोट पुन्हा पळवली. काटा ३ च्या खाली स्थिर राहिला, बल्ब गोल राहिला आणि झोके पूर्णपणे थांबले. चालक काही न बोलता थ्रॉटल पिळूनच बसले होते. अखेर आम्हीच त्यांना पुरे म्हणालो.

नळीच्या आत

काढलेली नळी बाहेरून निर्दोष दिसत होती. भेग नाही, दुमड नाही, टोकांना सैलपणा नाही. ती लांबीत चिरली तेव्हा आतले पातळ गुळगुळीत अस्तर बाहेरच्या रबरापासून जवळजवळ वीतभर लांबीत सुटलेले आढळले. सापाने टाकलेल्या कातीसारखे ते मऊ, सुरकुतलेले आणि मोकळे झाले होते. एका ठिकाणी अस्तराला बारीक चीर होती आणि तिच्यामागे, अस्तर आणि रबर यांच्या फटीत, पेट्रोल साठलेले होते.

कॉम्प्रेसरची हवा मारल्यावर ही नळी मोकळी का वाटली याचा उलगडा इथे होतो. दाबाची हवा अस्तराला बाहेर ढकलते, भिंतीला चिकटवते आणि वाट रुंद करते. इंजिन मात्र नळीत दाब देत नाही, तिच्यातून ओढते. ओढीबरोबर सुटलेले अस्तर आत येते, फटीतले पेट्रोल त्याला मागून आणखी फुगवते आणि वाट आवळत जाते. इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबले की अस्तर सैल पडते आणि वाट पुन्हा उघडते. सुरुवातीची तीन-चार मिनिटे बोट चांगली पळत होती ती यामुळेच. फुंकून पाहिलेली नळी ओढीखाली कशी वागेल याबद्दल फुंकणे काहीही सांगत नाही, आणि तरीही कोल्हापुरात काय किंवा आणखी कुठे काय, नळी तपासायची म्हणजे हवा मारायची अशीच सवय आपल्याला लागलेली आहे.

अस्तर का सुटले याचे उत्तर बहुतांशी आजच्या पेट्रोलमध्ये आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस आणि कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलला नावे ठेवायचे काही कारण नाही, पण जुन्या बनावटीचे रबर आणि अस्तर त्याच्यासाठी तयार केलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते आणि सुटते. बचाव बोटीच्या नळीवर तर आणखी एक संकट असते : वर्षातले दहा-अकरा महिने ती पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत, शेडच्या पत्र्याखाली, गुंडाळी करून पडलेली असते. रोज चालणाऱ्या मासेमारी बोटीची नळी लवकर झिजेल, पण तिच्यातले पेट्रोल रोज बदलते. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषते. टाकी अर्धी भरून पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत ठेवली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले, तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी उतरते, आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोक ऑइल त्या थरात मिसळत नाही. या बोटीत तसे झाले नव्हते, पण बाटलीची चाचणी मी त्याच धास्तीने केली होती.

झालेले नुकसान

चार-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल कमी पडले तर ताकद जाते, वंगण मात्र स्वतंत्रपणे चालू राहते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येते. या इंजिनाचे प्रमाण ५० ला १, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर ऑइल. पेट्रोल अडले की पिस्टनला मिळणारे वंगणही अडते, आणि तेही नेमके सर्वांत जास्त उष्णता आणि सर्वांत जास्त लोड असताना. दबणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाला तसेच पिळत ठेवण्याइतके घातक दुसरे काही नाही. म्हणून नळी सापडल्यावर माझ्या मनाला समाधानापेक्षा काळजीच जास्त वाटत होती.

प्लग काढून पाहिले. खालच्या सिलिंडरचा प्लग हलक्या तपकिरी रंगाचा आणि किंचित ओलसर होता, वरच्याचा पांढरट आणि कोरडा. थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून कॉम्प्रेशन मोजले तेव्हा वरचा सिलिंडर खालच्यापेक्षा थोडा कमी भरला, पण फरक १० टक्क्यांच्या आत होता. प्लगच्या भोकातून लहान दिवा सोडून पाहिल्यावर वरच्या सिलिंडरच्या भिंतीवर, एक्झॉस्टच्या बाजूला, बारीक उभे ओरखडे दिसले. नखाला ते लागतील इतके खोल वाटले नाहीत.

दोन्ही कार्ब्युरेटर एकाच नळीवर असताना एकच प्लग पांढरा का, हा प्रश्न शिल्लक होता आणि तो सोडून देणे योग्य नव्हते. नवी नळी बसवल्यानंतरही एका पूर्ण फेरीनंतर वरचा प्लग खालच्यापेक्षा फिकाच निघाला, म्हणजे वरच्या कार्ब्युरेटरमध्ये स्वतंत्र काहीतरी होते. तो खोलल्यावर मुख्य जेटच्या तोंडाशी काळा रबराचा टिकलीएवढा पापुद्रा मिळाला. बाहेरच्या नळीतले तुकडे इंजिनावरच्या फिल्टरने अडवले असते. हा पापुद्रा फिल्टरच्या पुढच्या, काउलिंगखालच्या (इंजिनावरच्या आवरणाखालच्या) आखूड नळीतून सुटला होता, कारण ती नळीही त्याच वयाची होती आणि चिमटीत दाबल्यावर पिठासारखी मऊ लागत होती. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर साफ झाले तेव्हा हा पापुद्रा बहुधा तिथे नसावा, तो नंतर आला असावा. जेट हवा आणि क्लीनरने मोकळे केले. तार घातली नाही, कारण पितळेचे भोक तारेने जरासे जरी मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. काउलिंगखालच्या सर्व नळ्या बदलल्या आणि पंपाचा डायाफ्राम चांगला दिसत असूनही नवा टाकला. त्यानंतरच्या फेरीत दोन्ही प्लग सारखे निघाले आणि भरलेली बोट ५३०० फेऱ्यांवर स्थिर राहिली.

नव्या नळीच्या निवडीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगितली. आतला व्यास जुन्याइतकाच, म्हणजे ८ मिलिमीटर ठेवला आणि इथेनॉल चालणारी, एसएई जे१५२७ या मानकाचा शिक्का असलेली बोटीची पेट्रोलनळी मागवली. बाजारात सहज मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी आकर्षक वाटते, आतले पेट्रोलही दिसते, पण पेट्रोलने ती काही महिन्यांत कडक होते आणि जोडावर हवा ओढू लागते. चाचणीपुरता वीतभर तुकडा वापरणे वेगळे आणि पुरात त्याच्यावर भरवसा ठेवणे वेगळे. जोडांवर तारेचे पीळ काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रूचे क्लॅम्प बसवले. नळी, बल्ब आणि कनेक्टर असा एक पूर्ण जोड जादा घेऊन, त्यावर महिना आणि वर्ष लिहून, तो बोटीच्या पेटीत ठेवला. प्रवाहात तपास करायला वेळ नसतो, जोड बदलायला मात्र मिनिटभर पुरते.

साठवणीच्या पद्धतीतही पथकाने बदल केला. हंगाम संपल्यावर टाकीतले पेट्रोल काढून मोटारसायकलींत वापरायचे, नळी टाकीपासून आणि इंजिनापासून सोडून रिकामी करून सरळ टांगून ठेवायची आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या तळाच्या स्क्रूने रित्या करायच्या. कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. टू-स्ट्रोकच्या बाबतीत मला ती पटत नाही, कारण शेवटच्या मिनिटात पिस्टन कमी ऑइलवर चालतो आणि या इंजिनाच्या वरच्या सिलिंडरने ते पुरेसे सोसले आहे. पावसाळ्यापूर्वीची चाचणी यापुढे बॅरलमध्ये होणार नाही. भरलेली बोट नदीत पूर्ण थ्रॉटलवर किमान दहा मिनिटे पळवायची आणि त्या सगळ्या वेळात एकाने टाकीजवळ बसून हात बल्बवर ठेवायचा, असे ठरले आहे.

वरच्या सिलिंडरबाबतचा निर्णय मी पथकावर सोडला नाही. पाऊस तोंडावर असताना इंजिन खोलले असते आणि एखादा सुटा भाग वेळेत मिळाला नसता, तर गाव पुरात बोटीविना राहिले असते. कॉम्प्रेशन मर्यादेत होते आणि ओरखडे उथळ होते, म्हणून या हंगामात इंजिन चालवायचे. पथकाची बोट एकटीच असेल तर तिने मुख्य प्रवाह ओलांडायचा नाही, दुसरी बोट सोबत असेल तरच ओलांडायचा. पाणी उतरल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा मोजायचे. फरक १० टक्क्यांच्या पुढे गेलेला आढळला तर इंजिन खोलून रिंगा बदलायच्या, आणि ओरखडे खोल गेले असतील तर सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन टाकायचा. बोअरिंगचे काम उद्यमनगरातच होते. सीडीआयसाठी जमलेली वर्गणी त्या खर्चासाठी तशीच राखून ठेवली आहे.